वाव

सकाळपासून समोरचं बेट नाही.
काल होतं, मेंढ्यांसकट होतं.
आज खिडकीत नुसती ओली लोकर,
कुणी पिंजून तशीच टाकलेली.

मी काळा रंग घेत नाही.
काळ्याने राखी केला की समुद्र मरतो,
पत्र्याच्या गोदामासारखा दिसतो.
गडद निळ्यात भाजकी माती कालवते,
मग पांढरा, सुरीच्या टोकावर मावेल इतकाच,
मग पुन्हा माती,
आणि बशीत हळूहळू उतरतो तो
पारव्याच्या मानेहून फिका,
फुलमारच्या पाठीहून ओला.

तेहेतीस वर्षं मी गोठणघरात कॉड चिरला.
कॉडच्या पोटाखालचा पांढरा
पांढरा नसतो, हे हातांना आधी कळलं.
डोळ्यांना निवृत्तीनंतर.

लांबचं आधी रंगवायचं, जवळचं मागून.
लांबच्याची कड वाळायच्या आत
फडक्याने पुसून टाकायची,
म्हणजे कुठे पाणी संपलं
आणि कुठे हवा लागली
ते कुणी छातीठोक सांगू नये.
बंदरावरच्या वर्गात त्या तरुण शिक्षिकेने
दर बुधवारी हेच सांगितलं:
राग्नहिल्ड, वाव ठेव.
मी ठेवत गेले.
माझी चित्रं रिकामी होत गेली.

दुपारी होग्नी आला, बादलीत दोन हॅडक घेऊन.
बूट दाराशी काढले, मोज्याला भोक.
चित्रासमोर उभा राहिला,
इंजिनाचा आवाज ऐकावा तसा, मान कलती.
म्हणाला, बेट कुठाय?
म्हटलं, धुक्यात.
म्हणाला, धुक्यात असतंच ते.
तू रंगवलंयस तिथून बोट घातली
तर तळ फुटेल माझा.

मग कॉफी थंड होईस्तोवर सांगत बसला.
एकदा पडदा बंद पडला, यंत्रातला,
आणि बापाचं शिसं काढावं लागलं फळीखालून.
शिशाच्या बुडाला चरबी चोपडायची,
दोर सोडायचा.
बावीस वाव, बावीस, एकोणीस.
चरबीला वाळू चिकटून आली तर सरळ,
शिंपल्यांचा चुरा आला तर डावीकडे.
इंजिन बंद करून ऐकायचं:
कातळावरची गाज जाड, वाळूवरची पातळ.
मेंढी खोकली तर फार जवळ आलास.
पाखरांच्या विष्ठेचा वास आला
तर देवाचं नाव घे आणि मागे फिर.

आणि वाव म्हणजे केवढा, मी विचारलं.
मला माहीत होतं. तरी विचारलं.
तो उठला, स्वयंपाकघरात
दोन्ही हात पसरून उभा राहिला,
एक पंजा चुलीशी, एक दाराशी.
एवढा, म्हणाला.
मधे त्याचा स्वेटर, कोपरावर उसवलेला,
आणि त्याच्या आणि माझ्या मधे
टेबल, दोन कप, साखर.
हात तसेच राहिले, जरा जास्तच वेळ.
मग त्याने ते खाली घेतले
आणि चित्राकडे वळून
बोटाने दाखवायचं ते अंगठ्याने दाखवलं:
इथे. इथे असतं बेट.

अंगठ्याला डिझेल होतं.
ओल्या रंगावर उमटला एक डाग,
मळकट, शेवाळी, कडेला विरत जाणारा,
आणि त्याच्या मागे एकाएकी
कितीतरी लांब पाणी पसरलं.

तो घाबरला. सॉरी म्हणाला, फडकं शोधू लागला.
मी फडक्यावर बसले होते.

तो गेल्यावर, साडेसहाला, धुकं उठलं.
बेट परत आलं, हिरवंगार, निर्लज्ज,
प्रत्येक मेंढी मोजता येईल असं,
आणि अंगठ्याच्या चांगलं बोटभर उजवीकडे.

मी पडदा ओढला.
हॅडक साफ करायला घेतला.
डाग अजून ओला आहे.